लोअर आर्मचा जाम बोल्ट: पाईप लावायच्या आधी बघा तो नेमका कुठं अडकलाय

खड्ड्यात गेली की पुढून टकटक, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, टायर आतून खाल्लेला, म्हणजे बहुतेक लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीच्या फ्रेमशी जोडणारा दांडा) बुश (त्याच्या फ्रेमकडच्या टोकातले रबरी तुकडे, आत लोखंडी नळी असलेले) नाहीतर बॉल जॉइंट (चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) गेलेत. काम तसं अवघड नाही, दोन-तीन बोल्ट काढा, जुना आर्म खाली घ्या, नवीन चढवा. पण गाडी दहा-बारा वर्षं जुनी असली की त्या दोन-तीन बोल्टमधला एक तरी असा गंजलेला निघतो की अख्खा रविवार तिथंच जातो आणि संध्याकाळी आपण बॅटरी तोंडात धरून गाडीखाली पडलेलो असतो. माझ्याबरोबर हे झालंय, नंतर गल्लीतल्या नि नात्यातल्या चार-पाच गाड्या बघितल्या, त्यात जे समजलं ते सगळं लिहितो.

बरेच जण म्हणतात की खान्देशात कुठला आलाय गंज, समुद्र लांब, उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ ४५ च्या आसपास तापतं, हवा कोरडी ठणठणीत. खरंय, वरून गाडी चांगलीच दिसते. पण खाली वाकून बघा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात शेताच्या रस्त्यावरून गाडी नेली की ती आर्मच्या खोबणीत, बोल्टच्या डोक्याभोवती गच्च बसते, वरून वाळल्यासारखी दिसते पण आत कितीतरी दिवस ओल राहते. दुसरं म्हणजे खत. रावेर-यावल पट्ट्यात केळीला पोटॅश भरपूर लागतं, गोण्या डिकीत टाकून आणतात, एखादी फाटते, मग डिकी धुतली की ते पाणी खाली मागच्या सस्पेन्शनवर. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच भाऊबंद, लोखंडाला तो मिठासारखाच खातो. आणि तिसरं, आपल्याकडे सेकंडहँड गाड्या सुरतहून नि मुंबईहून येतात, त्या तिकडच्या खाऱ्या हवेचा गंज बरोबरच घेऊन येतात. माझी हॅचबॅक सुरतचीच होती. घेताना वरचा पेंट बघितला, इंजिनचा आवाज ऐकला, खाली वाकलोच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. "बोल्ट जाम झालाय" हे एक वाक्य आपण सगळ्यालाच लावतो, पण बोल्ट तीन वेगवेगळ्या जागी जाम होतो आणि तिन्हीचा इलाज वेगळा आहे. एक, नट आणि बोल्टच्या आट्यांत. दोन, बोल्टचा मधला गुळगुळीत दांडा बुशच्या आतल्या लोखंडी नळीत. तीन, डोकं किंवा वायसर पत्र्याला चिकटलेलं. पहिल्यात तेल, ठोके, उष्णता कामाला येते. दुसऱ्यात तेल बहुतेक आत जातच नाही नि शेवटी कापावंच लागतं. तिसरा त्यातल्या त्यात सोपा, डोक्यावर दोन-चार टोले आणि थोडं तेल. माणसं काय करतात, दुसऱ्या प्रकाराला पहिल्याचा इलाज करत बसतात, दोन दिवस तेल मारतात, पान्याच्या दांडीला लांब पाईप लावून जोर देतात, आणि बोल्टचं डोकं तुटून हातात येतं.

ओळखायचं कसं ते सांगतो. नट काढून टाका. नट निघाला म्हणजे आट्यांचा प्रश्न संपला. आता बोल्टच्या डोक्याला गोटी (सॉकेट) लावा आणि फिरवा. बोल्ट गोल गोल मोकळा फिरला तर ठोकून बाहेर येईल. पण थोडा फिरला आणि हात सोडल्यावर रबरासारखा परत मागे आला तर समजा की बोल्ट नळीला धरून बसलाय, तुम्ही बोल्ट फिरवताय तेव्हा नळी बी फिरतेय आणि तिच्या बाहेरचं रबर पीळ खाऊन परत येतंय. ही एक खूण लक्षात ठेवली की अर्धा दिवस वाचतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे बोल्ट आणि नळीमधली केसाएवढी फट तो पूर्ण भरून टाकतो नि वरून दाब देतो, म्हणून दोन वेगळे पार्ट एकाच तुकड्यासारखे होतात.

तयारी मात्र आदल्या दिवशी नाही, दोन-तीन दिवस आधी सुरू करा. रविवारी काम करायचं असेल तर गुरुवारी संध्याकाळी गाडीखाली जाऊन सगळ्या बोल्टवरची माती तारेच्या ब्रशने साफ करा, बाहेर निघालेले आटे बी घासा, कारण नटाला सुटताना त्याच आट्यांवरून जायचंय आणि तिथं गंजाची पोपडी असेल तर सुटलेला नट परत तिथंच अडकतो. मग तेल. रोज सकाळ-संध्याकाळ मारायचं, आणि तेल मारलं की हातोडीने नटावर नि डोक्यावर हलके दहा-पंधरा ठोके, त्या कंपनाने गंजाला बारीक तडे जातात नि तेल आत झिरपतं. नुसतं तेल मारून दहा मिनिटांनी पाना लावणं म्हणजे तेल वाया घालवणं.

तेल कुठलं. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं, त्याच्या नावाचा अर्थच पाणी हटवणं असा आहे, तो ४० वा फॉर्म्युला म्हणून ४०, पण ते मुळात गंजलेले नट सोडवायला बनवलेलं नाही. हलक्या गंजाला चालतं, जास्त असेल तर रस्ट पेनेट्रंट म्हणून वेगळा स्प्रे मिळतो तो घ्या. घरी करायचं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मंनिम्मं, हे मिश्रण चांगलं काम करतं पण दोन्ही नीट मिसळत नाहीत, दर वेळी डबी जोरात हलवूनच टाकायचं, आणि ॲसिटोन लगेच पेट घेतं, प्लास्टिकबी खातं, म्हणून लोखंडी तेलकुपीत ठेवा आणि विडी-सिगारेट लांब. गावाकडे डिझेल टाकतात, तेबी चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. काहीही मारा, ब्रेकच्या डिस्कवर नि पॅडवर उडू देऊ नका आणि जे रबर बदलायचं नाहीये त्याला तेल लागलं तर लगेच पुसून घ्या.

गाडी उचलताना. आपली अंगणं मातीची नाहीतर शेणाने सारवलेली, तिथं जॅक खचतो. जॅकच्या आणि घोडीच्या (उचललेली गाडी टेकवून ठेवायचा लोखंडी स्टँड) खाली जाड लाकडी फळी किंवा लोखंडी प्लेट टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, आणि गाडी घोडीवर ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच जाऊ नका. इथं तुम्ही पाईप लावून जोर देणार आहात, घणाने ठोकणार आहात, गाडी हलणारच आहे. घोडी लावल्यावर बाहेर उभं राहून गाडीला चांगला धक्का मारून बघा, हलली तर परत नीट बसवा. काढलेलं चाकबी आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. आणि चष्मा घाला, वर बघून काम असतं, गंजाचे कण सरळ डोळ्यात येतात.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो कारण सस्पेन्शनचं काम म्हटलं की सगळे तिकडेच हात घालतात. शॉकअपच्या वर बॉनेटखाली मधोमध जो एक नट दिसतो तो स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय अजिबात सैल करू नका. स्प्रिंग दाबलेली असते, नट निघाला की ती सुटते, माणूस जागेवर जाऊ शकतो. फक्त लोअर आर्म बदलायचा असेल तर त्याला हात लावायची गरजच नाही.

आता पाना. पहिला जोर फिक्स पान्याने लावू नका, तो दोनच कडांना धरतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. सहा कोनी गोटी वापरा, बारा कोनी नको, आणि मापाची घ्या, १७ ला १७ च. गंज झडून नट बारीक झाला असेल नि गोटी खेळत असेल तर एक माप कमीची ठोकून बसवा. रॅचेटवर जोर देऊ नका, त्याचे दाते जातात, लांब टी हँडल किंवा ब्रेकर बार (गोटीला लावायचा लांब, बिनदात्यांचा दांडा) घ्या. आणि पहिल्यांदा सोडवायच्या दिशेने नाही तर कसायच्या दिशेने हलका झटका द्या. उलटं वाटतं पण खरंच उपयोग होतो, गंजाची पकड मोडायला कुठलीही हालचाल चालते. जरा हलला की मग सोडवा, पाव फेरा, तेल, त्याच्या निम्मा परत मागे कसा, परत सोडवा. जड व्हायला लागला की थांबायचं, मागे घ्यायचं, तेल. सलग जोराने ओढत राहिलं तर गंजाचा चुरा आट्यांत गोळा होतो, आटे घासून निघतात आणि मग तो ना पुढे ना मागे.

पाईपचं गणित लक्षात घ्या. ६० किलोचा माणूस एक मीटर पाईपच्या टोकाला लटकला तर जवळपास ६०० न्यूटन-मीटर (पीळ देणारा जोर म्हणजे टॉर्क मोजायचं माप) होतात. १२ एमएमचा बोल्ट त्याच्या कितीतरी आधी तुटतो. म्हणजे पाईप लावला की बोल्ट निघेल किंवा तुटेल, दोन्हीपैकी एक होणारच, आणि तुम्ही कशाला तयार आहात ते आधी ठरवायला पाहिजे. जो बोल्ट तुटला तरी सहज नवीन टाकता येतो तिथं पाईप लावा. जिथं तुटलेला तुकडा फ्रेममध्ये राहणार आहे तिथं लावू नका. हाताला कळतं बरं का, घट्ट नट सुटताना कट्ट असा आवाज येतो, आणि बोल्ट पीळ खायला लागला की पाना मऊ मऊ फिरल्यासारखा वाटतो, आवाज नाही काही नाही. तसं वाटलं की लगेच थांबा.

आमच्याकडे एक म्हातारे मिस्तरी होते, ट्रक-ट्रॅक्टरवर आयुष्य गेलेलं, मी पाईप शोधायला लागलो की म्हणायचे, "घाई करू नको रे भो, नट तठेच शे नि तू बी आठेच शे." म्हणजे नट तिथंच आहे नि तूबी इथंच आहेस. मग ते छोटा घण घेऊन नटाच्या एका बाजूला दुसरा जड हातोडा टेकवायचे आणि समोरून टोला मारायचे, असं नटाच्या सहाही बाजूंनी फिरून. दोन लोखंडांच्या मध्ये नट दाबला जातो, थोडासा फाकतो, आतला गंज फुटतो. ती युक्ती मी अजून वापरतो आणि निम्मे नट तिथंच ऐकतात.

नाही ऐकलं तर उष्णता. तापवायचं नटाला, बोल्टला नाही, कारण नट फुगला पाहिजे. पोलाद तापलं की फुगतं पण फार थोडं, १२ एमएमच्या भोकात ४०० डिग्रीला साधारण ०.०६ एमएम फरक पडतो. एवढासा आकडा वाटतो पण गंजाची पकड मोडायला पुरतो. छोट्या ब्युटेन टॉर्चने वेळ लागतो, गाडीचं लोखंड उष्णता ओढून घेतं, वेल्डिंगवाल्याची गॅस बत्ती असेल तर मिनिटात होतं. फिक्कट लाल दिसेपर्यंत तापवा आणि गरम असतानाच पाना लावा. नाहीच फिरला तर पूर्ण थंड होऊ द्या, कोमट असताना तेल द्या, परत तापवा, दोन-तीन वेळा गरम-थंड झालं की बरेचदा सुटतो. गरम नटाला मेणबत्ती टेकवली तरी मेण वितळून आट्यांत शिरतं, तेबी चांगलं काम करतं. लाल लोखंडावर मात्र तेल मारू नका, भडका होतो.

पण आग लावण्याआधी आजूबाजूला बघा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. ब्रेकची रबरी नळी, एबीएसची वायर, ड्राइव्ह शाफ्टचं बूट, पेट्रोलची लाईन, हे सगळं तिथंच वीतभर अंतरावर असतं. नळ्या-वायरी सोडवून बाजूला बांधा, ओलं गोणपाट आड धरा, पाण्याची बादली आणि माती जवळ ठेवा, जमलं तर फायर एक्स्टिंग्विशर. शॉकअपच्या बॉडीला आग लावायचीच नाही, आत तेल असतं आणि बऱ्याचदा दाबाखालचा गॅस, तो फुटतो. ब्रेक क्लीनरने साफ केलेल्या जागेवर बी आग किंवा वेल्डिंग नको, काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनवालं द्रावण असतं, ते तापलं की फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. बुशचं रबर पेटलं तर काळा घाण धूर येतो, म्हणून हे काम उघड्यावरच करा. आणि जो बोल्ट लाल केला तो परत वापरायचा नाही. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं ती त्याची ताकद, ती कारखान्यात ठरावीक उष्णतेने आणलेली असते आणि आपण बत्ती लावली की जाते. दिसायला तसाच दिसतो, पण मऊ झालेला असतो. बोल्ट काही फार महाग नसतो, नवीन घ्या, आणि डोक्यावरचा आकडा तोच किंवा वरचा असलेलाच घ्या, हार्डवेअरच्या दुकानातला साधा बिनआकड्याचा सस्पेन्शनला लावू नका.

आता तो दुसरा प्रकार, बुशच्या नळीत धरलेला बोल्ट, ज्याने सगळ्यात जास्त माणसं रडतात. नट निघालाय, बोल्ट रबरासारखा मागे-पुढे होतोय. आधी एक प्रामाणिक प्रयत्न करा. नट उलटा परत आट्यांवर चढवा, बोल्टच्या टोकाच्या बरोबरीला येईल एवढाच, म्हणजे ठोकताना आटे चेपणार नाहीत, आणि मग जड घणाने सरळ रेषेत चार-पाच टोले. हलक्या हातोडीने शंभर ठोके मारण्यापेक्षा जड घणाचा एक सरळ टोला बरा, हलकी हातोडी नुसतं टोक पसरवते. एक-दोन एमएम जरी हलला तरी आशा आहे, डोक्याच्या बाजूने पाना लावून फिरवत फिरवत, तेल टाकत, मागून ठोकत बाहेर काढता येतो. बोल्ट जरा आत गेल्यावर सुंबा (ठोकायची लोखंडी कांडी) नाहीतर जुन्या बोल्टचा तुकडा लावून ठोका.

दहा-पंधरा टोल्यांत काहीच हललं नाही तर सोडून द्या आणि कापा. यात हार वगैरे काही नाही, आर्म तर नवीनच बसवायचाय, त्यात बुश नवीन, नळी नवीन, जुन्या बुशला वाचवून तुम्हाला काय करायचंय. फक्त नवीन बोल्ट आणि नट आधी आणून ठेवा, नाहीतर गाडी घोडीवर आणि आपण दुकानं शोधत फिरतोय असं होतं, रविवारी तर निम्मी बंद असतात. कापायची जागा म्हणजे बुशची बाजू आणि फ्रेमचा कान (बोल्ट ज्याच्या भोकातून जातो ती फ्रेमची पट्टी) यांच्या मधली फट, दोन्हीकडून. रेसिप्रोकेटिंग सॉ (ब्लेड मागे-पुढे चालवणारी मशीनची करवत) असेल तर धातूचं बारीक दात्याचं ब्लेड लावा, नसेल तर नुसतं हॅक्सॉ ब्लेड एका टोकाला कापड गुंडाळून हातानेच चालवा, वेळ लागतो पण कान वाचतो. ग्राइंडरने पटकन होतं, पण डिस्क जाड असते, हात जरासा हलला की फ्रेमचा कान कापला जातो आणि तो नवीन मिळत नाही. मी ग्राइंडर वापरतो ते फक्त डोकं उडवायला, फटीत नाही. दोन्ही बाजू कापल्या की आर्म खाली पडतो, म्हणून आधीच खाली जॅक किंवा लाकूड लावून ठेवा. उरलेले तुकडे कानातून ठोकून निघतात.

आता फ्रेमच्या आत वेल्ड केलेला नट, इथं मला स्वतःला फटका बसलाय. बऱ्याच गाड्यांत आर्मच्या एखाद्या बोल्टचा नट बाहेर दिसतच नाही, तो क्रॉस मेंबरच्या (फ्रेमचा आडवा पोकळ तुकडा) पोटात वेल्ड केलेला असतो. मी बाहेरून डोक्याला तेल मारलं तीन दिवस, आट्यांना त्यातला थेंबही पोचला नव्हता, मग पाईप लावला, एकदम हलका झाला, मला वाटलं सुटला. सुटला नव्हता, आतल्या नटाचं वेल्डिंग तुटलं होतं आणि नट बोल्टबरोबर आतच गोल फिरत होता. मग गाडी टेम्पोमागे बांधून वेल्डिंगवाल्याकडे, त्याने क्रॉस मेंबरला छोटी खिडकी कापली, आत पाना घालून नट धरला, बोल्ट काढला, नवीन नट वेल्ड केला, खिडकी परत बंद केली, वर प्रायमर मारला. दोन दिवस गेले. तुमचं तसं होऊ नये म्हणून, असा नट असेल तर आधी क्रॉस मेंबरला कुठं भोकं आहेत ती शोधा, जवळपास नेहमी एखादं असतं, तिथून स्प्रेची लांब नळी घालून मागच्या बाजूने नटावर तेल मारा. बोल्टचं टोक नटाच्या पलीकडे उघडं असतं आणि गंजलेलं असतं, खरी अडचण तिथंच आहे. या जागी पाईप नको, मागे-पुढे मागे-पुढे करत आणि गरज पडली तर उष्णता देऊन, धीराने. इम्पॅक्ट गन (झटके देत नट-बोल्ट फिरवणारं मशीन) असेल तर ती इथं पाईपपेक्षा बरी, तिचे झटके छोटे असतात, पण तीबी सलग दाबून धरू नका.

बॉल जॉइंटचा बोल्ट. बऱ्याच छोट्या गाड्यांत बॉल जॉइंटची दांडी नकलच्या (चाकाचा हब धरणारा जाड ओतीव तुकडा) भोकात जाते आणि आडवा बोल्ट ती आवळून धरतो. या बोल्टसाठी दांडीला खाच असते, म्हणजे बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, नाहीतर वरून कितीही ठोका दांडी निघणार नाही. बोल्ट काढला की नकलच्या फटीत पाचर नाहीतर छिन्नी हलकीशी ठोकून फट किंचित उघडा, किंचितच, नकल बिडाची असेल तर तडकते. हा बोल्ट तुटला तर गाडीखाली पडून ड्रिल करत बसू नका. नकल खोलून लेथवाल्याकडे न्या, तो टेबलवर धरून मधोमध ड्रिल करून देतो, आटे बी साफ करून देतो, जळगाव-धुळ्यात एमआयडीसीच्या बाजूला अशी लेथची दुकानं आहेत. गाडीखाली वाकडं ड्रिल गेलं की नकलच बदलावी लागते.

लिंक रॉडचं (गाडी वळणावर कलू न देणाऱ्या आडव्या सळईला जोडणारी छोटी दांडी) सोपं आहे. नट फिरवला की आतली दांडीबी बरोबर फिरते, तिला धरायला टोकाला एल-कीचं भोक असतं नाहीतर बूटमागे सपाट कडा असतात. भोकात गंज नि माती भरलेली असते, ती खिळ्याने पूर्ण उकरून काढा, मग एल-की ठोकून आत बसवा. नाही जमलं तर ग्राइंडर लावून नट कापा, लिंक रॉड तर बदलायचीच आहे. शॉकअपला नकल धरणाऱ्या दोन बोल्टचं मात्र बघून करा, काही गाड्यांत त्यांच्या डोक्याखाली दाते असतात जे भोकात रुतून बसतात, तिथं डोकं धरून ठेवायचं आणि नटच फिरवायचा. आणि खोलण्याआधी खडूने किंवा पेंटने जागेची खूण करून ठेवा.

बोल्ट तुटलाच, आणि तुकडा थोडा बाहेर असेल, तर त्याच्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्ड करून घ्या, वेल्डिंगची उष्णताच निम्मं काम करते, थोडं थंड झालं की पाना लावून फिरवा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेजवळच लावा. उलट्या आट्याचे जे एक्स्ट्रॅक्टर मिळतात ते गंजलेल्या मोठ्या बोल्टला मला पटत नाहीत, ते फार कडक पोलादाचे असतात, आत तुटले की साधं ड्रिल त्यावर चालतच नाही. कोपरे गोल झालेला नट असेल आणि बोल्ट वाचवायचाय, तर ग्राइंडरने नटाची एक बाजू आट्यांच्या जरा अलीकडेपर्यंत कापा आणि छिन्नीने टोला द्या, नट उघडून पडतो.

बसवताना दहा मिनिटं जास्त द्या. फ्रेमच्या कानांतली भोकं गोल कानशीने साफ करा, वेल्ड केलेल्या नटाचे आटे त्याच मापाच्या टॅपने काढून घ्या. नवीन बोल्टच्या मधल्या गुळगुळीत दांड्याला अँटी-सीझ (जाम होऊ न देणारं वंगण) किंवा कॉपर ग्रीस लावा, नळीत जाणारा हाच भाग पुढच्या वेळी त्रास देतो. आट्यांना भरभरून लावू नका, कारण घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. बॉल जॉइंटची दांडी निमुळती असेल तर तिला नि तिच्या भोकाला ग्रीस अजिबात नाही, ती कोरडीच बसायला पाहिजे. नायलॉनवाले नट एकदा काढले की नवीनच.

आणि हे बहुतेक गॅरेजमध्येबी होत नाही, म्हणून स्वतः बघा: आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण कसायचे नाहीत. हवेत आर्म खाली लटकलेला असतो, तिथं कसला की बुशचं रबर त्याच जागी धरलं जातं, मग गाडी खाली उतरवली की ते कायम पीळ खाऊन राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. हाताने घट्ट करा, चाक लावा, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करा, पुढून दोन-तीनदा दाबून बसू द्या, मग टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकाच कसणारा पाना) कसा. गाडीखाली जागा मिळत नसेल तर पुढची दोन्ही चाकं जाड फळ्यांवर चढवून घ्या, नाहीतर घोडीवरच राहू द्या आणि आर्मच्या बाहेरच्या टोकाला जॅक लावून गाडीचं वजन येईपर्यंत वर उचला. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, बऱ्याच छोट्या गाड्यांत आर्मच्या बोल्टना तो ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, अंदाजाने पाईप लावून कसू नका.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून घ्या, आर्म बदलला की ती हललेलीच असते. आणि शंभर-दोनशे किलोमीटर झाले, म्हणजे धुळ्याला जाऊन आलात समजा, की परत एकदा सगळ्या बोल्टना टॉर्क रेंच लावून बघा. मी कसल्यावर प्रत्येक नटापासून बोल्टपर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढून ठेवतो, रेघ तुटलेली दिसली की नट हललाय, नुसतं खाली वाकून कळतं.